जॉबरचा थेंब

"बगा, बुडतोय का न्हाय."

एवढं म्हणून जॉबर बोट पुढं करायचा. अजून मी सुईचं पाकीट फोडलेलं नसायचं, कापूस स्पिरिटात भिजवलेला नसायचा, तरी याचं बोट तयार. आणि बोट माझ्याकडं असलं तरी तोंड मागच्या रांगेकडं. रांगेतल्या पोरांनी बघावं, संयोजकांनी बघावं, जमलं तर फोटोवाल्यानंही बघावं, अशी सगळी व्यवस्था.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. शिबिरात लोक मला सिस्टर म्हणतात, मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. रक्त घेण्याआधी आम्ही एक साधी परीक्षा करतो. छोट्या ग्लासात मोरचुदाचं निळं पाणी असतं, त्यात बोटातल्या रक्ताचा एक थेंब सोडायचा. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर थेंब तळाला जातो. कमी असेल तर वरच घोटाळत राहतो, मग आम्ही त्या माणसाला पालेभाजी खा म्हणून परत पाठवतो. बास, एवढंच आहे. यात मर्दुमकी कुठं आली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

जॉबरला मात्र कळलं होतं. त्याचा थेंब पाण्यात पडला रे पडला की सरळ खाली. "बगितलं का?" तो रांगेला विचारायचा. "दगड हाय दगड. ह्या वयात." मग पुढच्या कॉलेजातल्या पोराचा थेंब जरा रेंगाळला की याला कोण आनंद. पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "मोबाईल कमी कर, रक्त वाढतंय." मोबाईलचा आणि रक्ताचा काय संबंध, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

जॉबर म्हणजे यंत्रमागाच्या शेडमधला दुरुस्तीवाला. माग अडला की त्याला हाक मारायची. आमच्या भवानी पेठेतल्या एका टॉवेलच्या शेडमध्ये त्याची हयात गेली. मूळचा मैंदर्गीकडचा. शेडमध्ये तेलुगू, घरात मराठी आणि राग आला की कन्नड. माझ्या घरापासून त्याचं घर दोन गल्ल्यांवर, म्हणून शिबिर नसलं तरी त्याच्यापासून माझी सुटका नसायची.

त्याचं तोंड कायम लालबुंद. ओठ जांभळट, डोळ्यांत लाल रेषा. आपल्याकडं लाल तोंडाच्या माणसाला कुणी आजारी म्हणत नाही, उलट काय खाता हो, म्हणून विचारतात. हा सांगायचा. बीट, खजूर, काळे मनुके, आणि मेडिकलमधून आणलेली रक्तवाढीची लाल बाटली, सकाळ-संध्याकाळ. बाटलीवर लगेच बिडी. आणि मग खोकला, असा की गल्लीतली कुत्री उठून लांब जाऊन बसायची. खोकला कशाचा, तर समोर डॉक्टर असला की शेडमधल्या सुताच्या धुळीचा, आणि समोर शेडचा मालक असला की बिडीचा. दोघांकडून सहानुभूती.

शेड त्यानं सोडलं होतं. "पोरांनी शिकावं म्हणून सोडलं," असं तो सांगायचा. खरं म्हणजे त्याला मागांच्या रांगेतून एक चक्कर मारणं होत नव्हतं. पण कबूल करेल तो जॉबर कसला. घरापासून कोपऱ्यापर्यंत जाताना तो प्रत्येक दुकानापाशी थांबायचा. "काय मालक, बरं हाय का? पोरगी काय म्हणती?" दुकानदाराला वाटायचं, किती आपुलकीचा माणूस. मी गॅलरीतून बघायचे. उत्तर ऐकायला हा थांबलेलाच नसायचा, दुकानाच्या खांबाला धरून छाती भरून घ्यायचा आणि पुढच्या दुकानाकडं निघायचा. पूर्ण पेठेची ख्यालीखुशाली या माणसाच्या धापेनं विचारली जात होती.

शिबिरं आपल्याकडं काय कमी. जयंती कुणाचीही असो, मांडव तोच, स्पीकर तोच, आणि बॅनरवर दात दाखवणारे तेच. त्यांतला एकही कधी आमच्या खाटेवर आडवा झाला नाही. सुई दिसली की त्यांना फोन येतो. त्यांना पिशव्यांचा आकडा हवा असतो, मग जॉबरसारखा माणूस म्हणजे त्यांचा लाडका. वय विचारलं की तो कमी सांगायचा, मागचं रक्तदान कधी केलं विचारलं की लांबचं सांगायचा. शिबिराचा डॉक्टर नळी छातीला लावल्यासारखी करून पुढच्याकडं वळायचा. दुसऱ्या पेठेत शिबिर असलं तर हा रिक्षा करून तिकडं. बदल्यात मिळालेले डबे, बाटल्या, पिशव्या आणि हेल्मेटं यांनी त्याचं माळवद भरलं होतं. त्याच्याकडं गाडी नव्हती.

"रक्त दिलं की पुण्य लगीच लागतंय बगा, सिस्टर," तो खाटेवरून उठताना म्हणायचा. "डोकं हलकं, डोळं हलकं, छाती मोकळी. पंधरा दिस झोप लागती."

मला हे सगळं थापा वाटायचं. पुण्य असं लगेच लागत असतं तर आमच्या रक्तपेढीत बसायला जागा मिळाली नसती.

एकदा तो बायकोला घेऊन आला. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. लहान चणीची, घरी बसून टॉवेलच्या दशांना गाठी मारायचं काम करणारी. बोटं सतत चालू, तोंड बंद. "हिचं बी बगा," जॉबर म्हणाला आणि आधीच हसायला लागला. मी तिच्या बोटाला सुई टोचली. थेंब निळ्या पाण्यावर पडला आणि तिथंच राहिला, खाली जायचं नाव नाही.

"बगितलं का?" हा रांगेला म्हणाला. "हिच्या अंगात ताक हाय ताक."

रांग हसली. मावशीनं कापूस बोटावर दाबला आणि शांतपणे म्हणाली, "ताक तर ताक. जिना चढताना मला थांबावं लागत न्हाय."

तेव्हा रांग जास्त हसली. जॉबर तिला कन्नडमध्ये "सुम्न कूडु" म्हणाला, म्हणजे गप बस, आणि स्वतःच खोकत बसला. मी मावशीला विचारलं, घरातली ती लाल बाटली तुम्ही का पीत नाही? ती म्हणाली, "ती ह्यांची हाय." घरात जिला लोह पाहिजे तिला नाही, आणि ज्याच्या अंगात ते मावत नाही तो झाकणं भरून पितोय. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी जॉबरला बिस्किटाचा दुसरा पुडा दिला नाही. माझ्या हातात तेवढंच होतं.

मग एका शिबिराला नवीन डॉक्टरीण आली. तरुण, बारीक, आवाज खालचा. जॉबरनं बोट पुढं केलं, थेंब बुडाला, यानं रांगेकडं बघितलं. तिनं थेंबाकडं बघितलंच नाही. तिनं त्याच्या ओठांकडं बघितलं, मग पायांकडं. चपलेचा पट्टा पावलात रुतला होता. तिनं कोरोनापासून सगळ्यांच्या ओळखीचा झालेला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा त्याच्या बोटाला लावला आणि बराच वेळ आकडा बघत राहिली.

"काका, तुमचं रक्त घेता येणार नाही."

"का? बुडाला की."

"बुडाला म्हणूनच."

जॉबरला आयुष्यात पहिल्यांदा रांगेनं बघू नये असं वाटलं असावं. तो भेटवस्तूही न घेता निघाला, आणि जाताना एकाही दुकानापाशी थांबायचं नाही असं बहुतेक ठरवून गेला, कारण कोपऱ्यावर तो खालीच बसला.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या दारात. "त्या डॉक्टरीणबाईनं दवाखान्यात तपासायला बोलवलंय. मला त्यातलं कळत न्हाय, तुमी चला की." मी गेले. फुंकायची तपासणी झाली, रक्त झालं, हृदयाची सोनोग्राफी झाली. हिमोग्लोबिन एवढं निघालं की आमच्या पेढीत त्यात दोन बायका निभावल्या असत्या. जॉबरनं तो आकडा ऐकून माझ्याकडं बघितलं आणि कॉलर सारखी केली. अजूनही.

डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं. खूप वर्षांची बिडी आणि धूळ, त्यानं फुप्फुसं खराब झालीत. रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. शरीराला वाटतं, वाहून आणणारे कमी पडताहेत, म्हणून ते तांबड्या पेशी बनवतच सुटतं. रक्त घट्ट होतं. त्यात प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळून बसतात. त्या आवळलेल्या वाहिन्यांतून ते घट्ट रक्त ढकलायचं म्हणजे आतला दाब वाढतो, आणि ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकते. पायाची सूज ती हीच.

"दाब?" जॉबर म्हणाला. "बीपी तर आमचं नॉर्मल हाय. मेडिकलवाल्यानं बगितलंय."

"तो हाताचा दाब, काका. हा फुप्फुसातला. हाताला पट्टा बांधून हा कळत नाही."

जॉबर विचारात पडला. त्याच्या विचारात पडण्याची मला फार भीती वाटते. शेवटी तो तिला शिकवल्यासारखा म्हणाला, "डॉक्टरीणबाई, तुमी टावेल बगितलाय, माग बगितला न्हाय. सुताला खळ लावत्यात, खळ. पातळ खळ लागली की सूत मागावर पटापटा तुटतंय. घट्ट खळ लागली की टिकतंय. रक्ताचं बी तसंच हाय की."

ती बिचारी माझ्याकडं बघायला लागली. आता हे कुठल्या कॉलेजात शिकवतात. या माणसानं जन्मभर सूत बघितलं आणि त्या सुताच्या जोरावर स्वतःच्या रक्ताचा निकाल लावून मोकळा झाला. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात मावशी बोलली.

"लई खळ लागली की सूत ताठ हुतंय आन् मोडतंय. हे इसरला व्हय?"

या वेळी जॉबरच्या तोंडात कन्नड आलं नाही.

उपाय दोन सांगितले. बिडी बंद, आणि घरी प्राणवायूचं यंत्र लावून दिवसरात्र जमेल तितका वेळ नाकात नळी. ते नाही केलं तर हृदय फार दिवस ओढणार नाही, हेही तिनं त्याच खालच्या आवाजात सांगितलं. शिवाय रक्त फारच घट्ट झालंय, तर सध्या रक्तपेढीत जाऊन थोडं काढून घ्या, डोकं हलकं होईल, झोप लागेल. तेव्हा मला त्याचं ते लगेच लागणारं पुण्य आठवलं. लाल बाटली ताबडतोब बंद.

यंत्र आलं. मी बघायला गेले तर यंत्रावर टॉवेल आणि टॉवेलवर हेल्मेट. नळी गुंडाळून खुंटीला. जॉबर खाटेवर बसून कडक भाकरी मोडत होता, मोडता मोडता धापा टाकत होता.

"नळी का लावली नाही?"

"लावतो की. लोक येत्यात, बसत्यात. बरं दिसत न्हाय."

"लोकांना काय करायचंय?"

त्यानं भाकरी ताटात ठेवली. "सिस्टर, कोरोनात आमच्या गल्लीतनं ज्याला ज्याला नळी लागली, त्यातला कुणी परत आला का? सांगा तुमी." मग जरा हसल्यासारखं करून म्हणाला, "त्यांच्यात रक्त नव्हतं. माझ्यात हाय. मला कशाला नळी."

तेव्हा मला कळलं की हा माणूस घाबरलाय, चांगलाच घाबरलाय. तो सगळा दगड, ती रांग, ते बीट, सगळं या भीतीवर टाकलेला टॉवेल होता. पण घाबरलेला माणूस शहाणा होतो असं काही नाही. हा आणखी येडा झाला होता, आणि मी त्याला ते तोंडावर सांगून आले.

रक्तपेढीत मात्र तो वेळेवर आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, बरोबर मावशी. रक्तदात्यांच्या खुर्चीत जाऊन ऐटीत बसला आणि चहा आधी का नंतर, असं विचारलं. मी सुई लावली. रक्त काळपट, दाट, नळीतून सावकाश उतरत होतं. जॉबर मान वळवून पिशवीकडं कौतुकानं बघत होता.

"हे कुणाला जाणार?"

"कुणाला नाही."

"म्हंजे?"

"आजारी माणसाचं रक्त कुणाला चढवत नाहीत, जॉबर. पिशवीवर तसं लिहायचं आणि नष्ट करायचं."

"फेकणार?"

"फेकणार."

तो उठूनच बसायला लागला, मी खांदा दाबून धरला. चेहरा असा झाला होता की मी शब्द बदलायला हवा होता असं वाटलं, पण दुसरा शब्द आहे कुठं. मग हळू विचारलं, "आन् आदीचं? इतक्या वर्सांचं? ते बी फेकलं?"

"नाही. ते गेलं. कुणाच्या बाळंतपणात गेलं असेल, कुणाच्या अपघातात. ते लागलं लोकांना." हे खरं होतं. त्या वर्षांत त्याचं रक्त चांगलंच होतं, आमच्या सगळ्या तपासण्यांतून ते गेलेलं होतं. मी त्याला ते दोनदा सांगितलं.

त्यानं मान हलवली. पण लगेच दुसरं डोक्यात आलं. पलीकडं स्टुलावर बसलेल्या मावशीकडं बोट केलं. "मग हे हिला द्या की. हिच्यात न्हाय, माझ्यात जास्त हाय. घरातल्या घरात. लगीन झाल्यापासनं हिच्या हातचं खातोय, माझ्याकडनं हिला काय गेलंय?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ज्या माणसानं भर मांडवात बायकोच्या रक्ताला ताक म्हटलं, तो आता स्वतःच्या अंगातलं काढून तिला द्या म्हणत होता, आणि खरंच म्हणत होता. मी सांगितलं, असं करता येत नाही. तो म्हणाला, मग काढू नका, फेकायला मी देत न्हाय, पुन्हा येत बी न्हाय. आणि त्यानं तसंच केलं असतं, मी ओळखून होते.

मावशी स्टुलावरून उठली. तिनं त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

"मला नको तुमचं. बिडी असंल त्यात," ती म्हणाली. "हे बगा. तुमी ती नळी लावा. मी ती लाल बाटली पिते. तुमचं ह्यांना फेकू द्या. लोकांना द्यायचं ते मी देईन."

"तू?" जॉबर म्हणाला. "ताकवाली?"

"ताकाचं बी रक्त हुतंय. दम काढा जरा."

त्या दिवसापासून त्या घरात एक पद्धत सुरू झाली. सकाळी मावशी झाकणात औषध ओतायची आणि हातात धरून उभी राहायची. जॉबर नाकात नळी घालेपर्यंत ती प्यायची नाही. तो घालायचा. मग ती प्यायची. संध्याकाळी पुन्हा तेच. माळवदावरची बिडीची बंडलं तिनं कुठं टाकली ते त्याला कधी सापडलं नाही. लोक भेटायला आले की तो नळी काढायला हात न्यायचा, आणि मावशी गाठी मारता मारता नुसती त्या बाटलीकडं बघायची. हात खाली यायचा. गल्लीतल्या लोकांना तो नळीतूनच सांगायला लागला, "यंत्र हाय, इंजिनाला हवा लागती." लाज गेली नाही, तिचाही त्यानं टेंभा मिरवला.

सूज उतरली. झोप लागायला लागली. रक्त काढायला पुन्हा यावं लागलं तेव्हा आला, पिशवीकडं न बघता भिंतीकडं तोंड करून पडला आणि चहा मागितला. पण फुप्फुसं गेली ती गेलीच होती, आणि हा शहाणपणा त्याला दहा-पंधरा वर्षं आधी सुचला असता तर काही उपयोग होता. उन्हाळ्यात, आपल्याकडचं ते ऊन, एका रात्री वीजही गेली नव्हती, यंत्र चालू होतं, नळी नाकात होती, आणि सकाळी मावशी झाकण भरून उभी राहिली तर तो उठला नाही.

तिनं ते औषध तसंच पिऊन टाकलं, असं तिनं मला नंतर सांगितलं. भरलेलं होतं म्हणे.

आता कोपऱ्यापर्यंतच्या दुकानांना कुणी ख्यालीखुशाली विचारत नाही. किराणावाला परवा मला म्हणाला, "जॉबरसारखा आपुलकीचा माणूस न्हाय राहिला." मी म्हटलं, हो. आता त्याला काय खांबाची गोष्ट सांगायची.

पुढच्या जयंतीला पुन्हा तोच मांडव, तेच बॅनर, तेच दात. मी सुया मांडत होते. रांगेत मावशी उभी. मला वाटलं भेटायला आली. तिची पाळी आली, तिनं बोट पुढं केलं. मी सुई टोचली आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला.

थेंब वर थांबला. मी श्वास धरला, मावशीनं नाही. मग तो हलला, मधे जरा रेंगाळला आणि सावकाश, अगदी तिच्या चालीनं, तळाला जाऊन बसला.

मावशीनं मागच्या रांगेकडं बघितलं. तिथं पोरं मोबाईल बघत होती. कुणाचं इकडं लक्ष नव्हतं.

"सांगा की मोट्यानं," ती मला म्हणाली.

इतकी वर्षं ज्या आरड्याओरड्याचा मला तिटकारा होता, तो करायची पाळी माझ्यावर आली. मी ग्लास उचलून रांगेकडं धरला.

"बगा," मी म्हणाले, "बुडाला."

पोरांनी माना वर केल्या. मावशी पदर खोचत खाटेकडं गेली.